पडघ्यापलीकडचे रान

उन्हाळ्यात भिवंडी-शहापूरच्या पट्ट्यात फिरताना शेताच्या एका कोपऱ्यात काळा चौकोन दिसतो. तो राब भाजलेला असतो. जिथे भाताचे रोप करायचे तेवढी जागा निवडायची, तिच्यावर शेणाचा थर द्यायचा, त्यावर झाडांचा टहाळ, मग पातेरा आणि गवत, आणि सगळ्यात वर चाळलेली माती. आग लावायची ती वाऱ्याच्या उलट बाजूने. मग जाळ भडकत नाही, राब धुमसत खालपर्यंत भाजत जातो, तणाचे बी मरते आणि राख मातीत मुरते. मृगाचा पाऊस पडला की या काळ्या चौकोनात पेरलेले बी तरारून येते. कोकणच्या धुवांधार पावसात पातळ मातीवर भात पिकवायचा तर दुसरा उपाय शेतकऱ्याला माहीत नव्हता, आणि परवडणाराही नव्हता.

टहाळ यायचा रानातून. ऐनाचा टहाळ सर्वांत चांगला मानला जाई. झाड तोडायचे नाही, फांद्या सवळायच्या. पुढच्या वर्षी त्याला पुन्हा पालवी फुटते. पडघा हे आग्रा रोडवरचे बाजाराचे गाव. त्याच्या ईशान्येला माहुलीचे सुळके दिसतात आणि त्यांच्या पायथ्यापासून तानसा-वैतरणेच्या खोऱ्यापर्यंत सागाचे आणि मिश्र पानगळीचे जंगल पसरले आहे. शहाजीराजांनी १६३६ साली निजामशाहीचा शेवटचा डाव ज्या किल्ल्यावर मांडला, तोच हा माहुली. या रानात कातकरी, ठाकूर, वारली, मल्हार कोळी यांचे पाडे पूर्वीपासून आहेत. खालच्या गावांत आगरी-कुणब्यांची भातशेती. रान सर्वांनाच लागे: कुणाला राबाला, कुणाला सरपणाला, कुणाला मोहाला आणि कुणाला पोटाला.

हे रान आज ‘तानसा अभयारण्य’ म्हणून ओळखले जाते. पण त्याचे संरक्षण अभयारण्यापासून सुरू झाले असे समजणे चूक आहे. सरकारने हे जंगल तीनदा राखले: आधी लाकडासाठी, मग मुंबईच्या पाण्यासाठी आणि शेवटी वन्यप्राण्यांसाठी. तीनही वेळा राखण्याचे कारण रास्त वाटावे असेच होते. आणि तीनही वेळा त्याची किंमत ज्यांच्याकडून वसूल झाली ती माणसे एकच होती. हा इतिहास सलग वाचला नाही, तर आज पाड्यावरचा म्हातारा वनरक्षकाला पाहून घरात का जातो ते कळणार नाही.

मुंबई इलाख्याला पहिला जंगल-संरक्षक मिळाला तो १८४७ मध्ये. अलेक्झांडर गिब्सन हा वैद्यकीचे शिक्षण घेतलेला वनस्पतिशास्त्रज्ञ. जंगल तुटले तर झरे आटतात, ही त्याची काळजी खरी होती. पण सरकारची गरज वेगळी होती. मुंबईच्या गोदीला साग हवा होता. १८५४ मध्ये आगगाडी कल्याणला पोचली आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला गेली. रुळांखाली स्लीपर हवे, इंजिनाला जळण हवे, आणि कल्याणपलीकडे लोहमार्ग जात होता तो याच रानाच्या कुशीतून. ज्या दशकांत लाकडाचे मोल वाढले, त्याच दशकांत रानाच्या हद्दी आखल्या जाऊ लागल्या.

१८७८ च्या जंगल कायद्याने त्या हद्दींना धार आली. राखीव जंगल जाहीर करण्याआधी लोकांचे हक्क तपासायचे, असे कायदा म्हणत होता. हक्कदारांना अर्ज करण्यासाठी किमान तीन महिन्यांची मुदत होती. पण पाड्यावर लिहिता-वाचता येणारा माणूस नव्हता, जाहीरनामा तालुक्याच्या कचेरीत लागे, आणि पिढ्यान् पिढ्या ज्याच्यावर जगलो त्याचा ‘पुरावा’ कसा द्यायचा हे कुणाला ठाऊक नव्हते. अर्ज आला नाही म्हणजे हक्क नाही. जे उरले ती सरकारची ‘सवलत’, मर्जी असेपर्यंत चालणारी. त्याच वर्षी आबकारी कायदा आला. १८९२ मध्ये खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा आला आणि मोहाची फुले परवान्याशिवाय गोळा करणे, साठवणे, विकणे गुन्हा ठरला. मोहाची फुले दारूपुरती नव्हती. उन्हाळ्याच्या अखेरीस कणगी रिकामी झाली की आदिवासी कुटुंब तीच शिजवून खात असे. आबकारीचे उत्पन्न वाढावे म्हणून भुकेच्या दिवसांतले अन्न कुलूपबंद झाले.

कातकऱ्यांवर तर आणखी आधी घाव बसला होता. खैराच्या गाभ्यापासून काथ काढणे हा त्यांचा पिढीजात धंदा. खैराची तोड बंद झाली आणि ज्या धंद्यावरून जमात ओळखली जाई तो धंदाच गेला. मग ते कोळशाच्या भट्ट्यांवर गेले, ठेकेदाराच्या उचलीवर.

जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्याने गायराने गिळल्याची तक्रार जळजळीत शब्दांत मांडली आहे. ती पुण्यात बसून केलेली कल्पना नव्हती. ठाणे जिल्ह्यात तोवर आरडाओरड सुरू झाली होती. ‘ठाणा फॉरेस्ट असोसिएशन’ स्थापन झाली, अर्ज गेले, सभा झाल्या, आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारला १८८५ मध्ये ठाणे व कुलाब्याच्या जंगल-गाऱ्हाण्यांची चौकशी करायला आयोग नेमावा लागला. मुंबई फॉरेस्ट कमिशन या नावाने तो ओळखला जातो. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला.

या आयोगापुढचा मोठा वाद राबाचा होता. जंगल खात्याच्या साहेबांना राब म्हणजे झाडांची नासधूस वाटे. शेतकऱ्यांचे म्हणणे, राब नाही तर रोप नाही आणि रोप नाही तर सारा कुठून भरू? अखेर राब ही शेतकऱ्याची खोड नसून गरज आहे हे मान्य करण्याकडे सरकारला यावे लागले, आणि काही जंगलांत टहाळ तोडण्याच्या सवलती राहिल्या. हा लोकांचा विजय होता, यात शंका नाही. पण माझ्या मते त्यात एक मोठी उणीव राहून गेली. असोसिएशनचे पुढारी होते जमीनदार, व्यापारी, वकील. राबाचा प्रश्न सुटला तो ज्याच्याकडे भाताचे खाचर होते त्याच्यापुरता. ज्याच्याकडे खाचरच नव्हते, डोंगरावर दळी, म्हणजे फिरत्या शेतीचा तुकडा, जाळून नाचणी-वरी काढणारा ठाकूर किंवा काथ गमावलेला कातकरी, त्याच्या वतीने भांडायला फारसे कुणी उभे राहिले नाही. पुढच्या शंभर वर्षांत ठाण्याच्या जंगलाचा जो प्रश्न पेटत राहिला, तो याच राहून गेलेल्या माणसांचा.

अहवाल धूळ खात पडण्याआधीच दुसरी हद्द उभी राहत होती. मुंबईला विहार आणि तुळशी तलावांचे पाणी पुरेना. १८९२ मध्ये तानसा नदीवर सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीचे दगडी धरण बांधून पूर्ण झाले. त्या काळातल्या जगातल्या मोठ्या दगडी धरणांत त्याची गणना होती. तिथून निघालेली जलवाहिनी भिवंडी तालुक्यातून मुंबईकडे गेली. पाणलोटातले जंगल टिकवणे ही आता फक्त वनखात्याची हौस राहिली नाही, ती मुंबईच्या नळाची गरज झाली. मागून १९५७ मध्ये खालच्या वैतरणेचे धरण आले, त्याला थोर अभियंता मोडक यांचे नाव मिळाले. मग अप्पर वैतरणा, भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. मुंबईची तहान भागवणारी यांतली अनेक धरणे ज्या शहापूर तालुक्याच्या अंगाखांद्यावर आहेत, त्याच तालुक्याच्या पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण इथे दर उन्हाळ्यात अक्षरशः खरी होते.

या सगळ्या काळात वाघाचे काय झाले? इंग्रज सरकार वाघ-बिबळ्या मारणाऱ्याला बक्षीस देई, आणि साहेबांच्या शिकारीला हाकारे घालायला पाड्यावरचीच माणसे नेली जात. त्याच पाड्यांच्या वेशीवर मात्र वाघोबाचे ठाणे असे: लाकडाच्या फळीवर किंवा दगडावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर. वाघबारशीला त्याला नारळ, कोंबडा द्यायचा. त्याने गुरे सांभाळावीत, आपण त्याचे रान सांभाळावे, असा करार. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत वाघोबाची सुमारे दीडशे ठाणी नोंदली गेली. तानशाच्या रानातला वाघ गेला. बिबळ्या राहिला. तो राहिला याचे श्रेय केवळ कायद्याला देणे मला पटत नाही. गुरे उचलणाऱ्या प्राण्याला देव मानून पिढ्यान् पिढ्या शेजारी राहू देणारी माणसे नसती, तर कायदा यायच्या आधीच बिबळ्याही संपला असता.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ठाणे जिल्ह्याच्या जंगलात एक चांगली गोष्ट घडली. जानेवारी १९४५ मध्ये पडघ्यापासून फार दूर नसलेल्या टिटवाळ्यात किसान सभेची परिषद झाली. तिथे वारली शेतकरी आले, आणि त्यानंतर गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली तलासरी, डहाणू, उंबरगावात उठाव झाला. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये तो लिहून ठेवला आहे. वेठ आणि लग्नाच्या कर्जापोटी राबवून घेण्याची लग्नगडी पद्धत मोडणे हे त्याचे मुख्य अंग. पण गवतकापणीला आणि जंगलातल्या लाकूडतोडीला रास्त मजुरी, ही मागणीही तितकीच महत्त्वाची होती. जंगल त्या वेळी ठेकेदारांच्या ताब्यात होते आणि तोडणारा हात आदिवासीचा. मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या सरकारने १९४७ पासून जंगल कामगार सहकारी सोसायट्या सुरू केल्या. ठेकेदाराऐवजी सोसायटीला कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला रानाचा तुकडा, मिळू लागला. सोसायट्यांतही पुढे गैरप्रकार झाले, पण पाड्यावरच्या माणसाला आपल्याच रानात, आपल्या घराजवळ मजुरी मिळण्याची ती पहिली रीतसर सोय होती.

तिसरी हद्द आली १९७० मध्ये. तानसा, मोडक सागर आणि माहुलीभोवतालचे तीनशेहून अधिक चौरस किलोमीटर रान अभयारण्य म्हणून जाहीर झाले. ते शहापूर, वाडा आणि मोखाडा तालुक्यांत पसरलेले. दोनच वर्षांनी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याने देशाचे वन्यप्राणी वाचवले, हे मनापासून मान्य केले पाहिजे. तो नसता तर भिवंडी-कल्याणच्या वाढीने माहुलीचा पायथा केव्हाच गिळला असता. पण त्या कायद्यातली हक्कांची रीत पाहा. अभयारण्यातल्या हक्कदाराने दावा सांगायची मुदत दोन महिने. १८७८ मध्ये गोऱ्या सरकारने निदान तीन महिने दिले होते.

पाड्यावर याचा अर्थ काय झाला? कूपतोड थांबत गेली, म्हणजे सोसायटीची मजुरी गेली. ससा, घोरपड, तितर मारणे गुन्हा झाला. पावसाळ्यात बेचकी घेऊन रानात जाणारा कातकरी पोरगा आता आरोपी ठरू शकत होता. गुरे चारणे, सरपण आणणे, डिंक-मध काढणे वनरक्षकाच्या नजरेवर आले. पडघ्याच्या, वासिंदच्या बाजारात डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या बाईला वाटेत किती ठिकाणी थांबावे लागे, आणि प्रत्येक ठिकाणी काय द्यावे लागे, हे कुठल्या अहवालात लिहिलेले सापडत नाही. १४ फेब्रुवारी २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानांतून वठलेली, वाऱ्याने पडलेली झाडे आणि गवतसुद्धा काढायला मनाई केली. चोरटी लाकूडतोड थांबावी हा हेतू योग्यच होता. पण आदेशात लाकूड-माफिया आणि चुलीसाठी काटक्या वेचणारी म्हातारी यांत भेद नव्हता.

मग ही माणसे जगली कशावर? याचे उत्तर पडघ्याच्या परिसरात उघड्यावर दिसते. दिवाळी झाली की कातकरी वाड्या रिकाम्या होतात. भिवंडी, कल्याण, वाडा भागातल्या वीटभट्ट्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे जातात, पार पाऊस येईतो. मालकाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते: कुणाच्या लग्नाला, कुणाच्या आजारपणाला, कुणाला नुसते तांदूळ घ्यायला. मध्यरात्रीनंतर नवरा चिखल तुडवतो, बायको साच्यात माती थापते, मोठी पोर धाकट्याला सांभाळत कच्च्या विटा उलटते. शाळेचे वर्ष तिथेच संपते. हंगाम संपला की हिशेब होतो आणि पुष्कळदा उचल फिटलेलीच नसते. उरलेले देणे पुढच्या हंगामावर जाते. वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६ चा. तो इथे खराखुरा लागू करून घ्यायला १९८२ मध्ये विवेक पंडित यांनी स्थापन केलेल्या श्रमजीवी संघटनेसारख्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले.

वीटभट्टी ही एकट्या अभयारण्याची करणी आहे असे मी म्हणणार नाही. जमीन नसणे, सावकारी, दारू, शिक्षणाचा अभाव, शहराची विटांची भूक, सगळे त्यात आहे. पण रानातली मजुरी, रानातले अन्न आणि रानातली जमीन या तीन आधारांना एकामागून एक कुलूप लागले, आणि दुसरा आधार कुणी दिला नाही, हेही तितकेच खरे. संरक्षणाचा खर्च कुणीतरी भरतोच. मुंबईकराला पाणी मिळाले, देशाला अभयारण्य मिळाले. बिल गेले वाडीवर.

जमिनीचा लढा समांतर चालू होता. जंगलातल्या जमिनी ‘एकसाली’ म्हणून, एकेका वर्षाच्या बोलीवर कसायला दिल्या जात. लोक पिढ्यान् पिढ्या त्या कसत राहिले आणि कागदावर अतिक्रमणदार ठरले. भूमिसेनेने सत्तरच्या दशकात आणि कष्टकरी संघटनेने १९७८ पासून हा प्रश्न लावून धरला. कष्टकरी संघटनेचे प्रदीप प्रभू सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९५ च्या निकालाने एक महत्त्वाचे दार उघडले: कागद नसला तरी इतर पुरावे तपासून दावे ठरवावे लागतील. वयस्कर गावकऱ्याची साक्ष, शेताचा जुना बांध, लावलेली झाडे यांना किंमत आली. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्यात पुराव्याची हीच दृष्टी देशभरासाठी आली.

या कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंतचा हक्क दिला. मोह, मध, डिंक अशा गौण वनोपजाची मालकी गावाला दिली, आणि सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन ग्रामसभेकडे सोपवले. तो अभयारण्यांनाही लागू आहे. ग्रामसभेच्या संमतीशिवाय कुणाला हलवता येत नाही. १८८५ च्या आयोगापुढे ज्यांची बाजू फारशी मांडली गेली नव्हती, त्यांना सव्वाशे वर्षांनी कायद्याने बोलते केले. तरी फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा या पट्ट्यातल्या घराघरांत धडकी भरली. पंधरवड्यात त्या आदेशाला स्थगिती मिळाली, पण भीती मागे राहिली.

२०१४ मध्ये तानशाच्या रानात रानपिंगळा सापडला. १८८४ नंतर शंभरहून अधिक वर्षे हा पक्षी नामशेष झाला असे मानले जात होते. १९९७ मध्ये तो सातपुड्यात, शहाद्याजवळ पुन्हा दिसला, आणि सह्याद्रीच्या या बाजूला त्याची नोंद झाली ती इथे. झाडाच्या ढोलीत राहणारा, दिवसाही वावरणारा, मूठभर पिंगळा. पक्षीतज्ज्ञांना झालेला आनंद आपणही वाटून घ्यावा असाच आहे. पण तो कुठे सापडला? जिथे शेकडो वर्षे माणसांनी टहाळ सवळला, गुरे चारली, मोह वेचला, तिथे. त्या वापराने रान संपले असते तर पिंगळ्यासाठी ढोली उरल्याच नसत्या.

आणि ज्या हद्दीत काटकी उचलणे गुन्हा आहे, त्या हद्दीतून समृद्धी महामार्ग गेला. काटेपूर्णा आणि कारंजा-सोहोळ यांच्याबरोबर तानसा हे या महामार्गाने ओलांडलेले तिसरे अभयारण्य. ५ जून २०२५ रोजी त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. आमणे भिवंडी तालुक्यातच, पडघ्याच्या जवळ. त्या दिवशी जागतिक पर्यावरण दिनही होता. पडघ्याभोवतीच्या खाचरांवर आता गोदामे उभी राहत आहेत. रस्त्यासाठी परवानग्या मिळतात, भरपाई रोपवनाची तजवीज होते, प्राण्यांसाठी भुयारी वाटा आखल्या जातात. मोळीसाठी मात्र इतक्या तत्परतेने वाट काढलेली मला दिसली नाही.

वाट निघू शकते, याची उदाहरणे याच मातीत आहेत. शहापूरच्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेने वन धन केंद्रामार्फत कातकरी तरुणांना एकत्र आणून गुळवेल गोळा करायला आणि ती औषध कंपन्यांना थेट विकायला सुरुवात केली. करोनाच्या काळात तिला देशभरातून मागणी आली. ज्या घरातली माणसे भट्टीवर गेली असती, त्यांना रानातूनच रोजगार मिळाला. गडचिरोलीत मेंढा-लेखाने सामूहिक वनहक्क मिळवून बांबू विकला आणि जंगल टिकवले, त्याला आता बरीच वर्षे झाली. तानशाभोवतीच्या पाड्यांनाही वैयक्तिक जमिनीच्या पट्ट्यांइतकेच, किंबहुना अधिक, सामूहिक हक्कांची गरज आहे: रानाचा आराखडा स्वतः करायचा, वणवा स्वतः विझवायचा, गुळवेल-मध-मोहाचा भाव स्वतः ठरवायचा, आणि ज्या शहराला पाणी पुरवतो त्याच्या तिजोरीतून राखणदारीची मजुरी हक्काने घ्यायची.

ठाणे आणि पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी अभयारण्यातल्या गावांचे सामूहिक वनहक्काचे प्रलंबित दावे मुदत ठरवून निकाली काढावेत, आणि मुंबई महापालिकेने पाणलोट राखणाऱ्या ग्रामसभांना दरवर्षी ठरलेला मोबदला द्यावा. तानशाच्या पाण्यावर वाढलेल्या मुंबईकर वाचकांनी ही मागणी आपल्या नगरसेवकापुढे, आमदारापुढे आपली म्हणून मांडावी.